नळीच्या तोंडात स्क्रू : एका जुन्या झेनचं प्रकरण

गाडी मारुती झेन, १९९८ ची, कार्बुरेटरवाली (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग तो कार्बुरेटर). ९९३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, मुंबईचा नंबर. पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी, पर्यावरण कर, पीयूसी, सगळं वेळच्या वेळी केलेलं. मालक बँकेतून निवृत्त होऊन साताऱ्याला येऊन राहिलेले काका. गाडीही त्यांच्याबरोबर घाट चढून आली. तक्रारीचा कागद त्यांनी स्वतः लिहून आमच्या गॅरेजला आणला होता. सकाळी थंड असताना ठीक चालते. गरम झाली की स्लोला (उभी असताना, पेडल न दाबता) थरथरते, पोवई नाक्यावर थांबलं की बंद पडते. पिकअप मेला आहे. अ‍ॅव्हरेज घटलं आहे. आणि खाली, वेगळ्या शाईत : ‘बॉनेटखाली एक नळी सुटलेली आहे, ती कुठली ते कळत नाही.’

या शेवटच्या ओळीतल्या नळीनं आधीच्या प्रत्येक मिस्त्रीचं लक्ष वेधून घेतलं होतं. ते साहजिकच आहे. बॉनेट उघडल्यावर सगळं जागच्या जागी आणि एकच काळी नळी तोंड उघडं टाकून लोंबकळते आहे, म्हटल्यावर दुसरीकडे कोण बघणार?

आधी झालेले उपचार

काकांकडून आणि बिलांवरून क्रम असा लागला. मूळ तक्रार नुसती अ‍ॅव्हरेजची होती. त्यासाठी एका गॅरेजमध्ये कार्बुरेटर उतरवून धुतला. त्यानंतर काही दिवसांत काकांनी काचेच्या पाण्याची बाटली भरताना ही नळी पाहिली. दुसऱ्या ठिकाणी विचारलं तर ‘पेट्रोलची रिटर्न असेल, पण सुकी आहे, राहू द्या’ असं उत्तर मिळालं. तिसऱ्यानं ‘एअर घेतेय’ म्हणून नळीच्या तोंडात एक स्क्रू पिळून बसवला. गाडी तरीही बंद पडायची, म्हणून त्यानं स्लोचा स्क्रू फिरवून रेस वाढवली. पिकअपसाठी डेल्को (प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) थोडा फिरवून टायमिंग पुढे घेतलं, म्हणजे ठिणगी लवकर पडेल असं केलं. मधेच कधीतरी प्लग नवे पडले, पेट्रोल फिल्टर नवा पडला.

आणि एक सिद्धान्तही मिळाला होता. काका म्हणाले, “ते म्हणाले, गाडीची सेटिंग मुंबईची आहे, इथली हवा पातळ, तिला मानवत नाही.”

हा सिद्धान्त ऐकायला शास्त्रीय आहे, म्हणून तो आधी तपासला. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण ७४० मीटरवर आहे. इथल्या हवेची घनता मुंबईपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी. कार्बुरेटरला हे कळत नाही. तो पेट्रोल जवळपास पूर्वीसारखंच सोडतो. म्हणजे उंचीवर मिश्रण किंचित दाट (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त) होतं, ३-४ टक्क्यांनी. परिणाम झालाच तर प्लग काळपट येतील, धुराला पेट्रोलचा वास येईल. या गाडीचे प्लग काढले तर ते पांढरट राखाडी होते आणि टोकाचा एक तर खडूसारखा पांढरा. हे मिश्रण पातळ असल्याचं लक्षण. हवा कमी नव्हती, जास्त होती. आणि ती अशा वाटेनं येत होती जिथे तिच्याबरोबर पेट्रोल येत नाही.

काकांच्या फाइलमध्ये शेवटची पीयूसीची पावतीही होती. ती ‘पास’ होती म्हणून कुणी आकडे पाहिले नव्हते. कार्बन मोनॉक्साइड ०.४ टक्के, हायड्रोकार्बन ११०० पीपीएम. भारत स्टेज-२ च्या आधीच्या चारचाकीला मर्यादा अनुक्रमे ३ टक्के आणि १५०० पीपीएम, त्यामुळे दोन्ही आत. पण जोडी म्हणून वाचले तर हेच आकडे बोलतात. पहिला इतका कमी म्हणजे पेट्रोल कमी पडतं आहे. दुसरा इतका जास्त म्हणजे जे आहे तेही काही वेळा न पेटताच बाहेर जातं आहे. पातळ मिश्रणाचं मिसिंग. तीस-चाळीस दिवसांपूर्वीच्या त्या कागदावर निम्मं निदान छापलेलं होतं.

लोंबकळणारी नळी

तरीही सुरुवात तिच्यापासूनच केली, कारण काकांना तिचं उत्तर हवं होतं.

जुन्या गाडीच्या बॉनेटखाली उघड्या तोंडाची नळी दिसली म्हणजे ती सुटलेलीच असते असं नाही. काही नळ्या उघड्या राहण्यासाठीच असतात. एसीचं पाणी टाकणारी नळी फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) खाली येऊन मोकळी संपते. बॅटरीचा वायू बाहेर सोडणारी, गिअरबॉक्सला श्वास देणारी, या सगळ्यांचं एक तोंड हवेतच असतं. काच धुण्याच्या पाण्याची बारीक नळी बिजागरीपाशी निसटली की तीही घाबरवते, पण पाण्याची मोटर दाबली की ती आपली ओळख स्वतःच सांगते. म्हणून पहिला प्रश्न ‘ही कुठे लावायची’ असा न विचारता ‘हिचं दुसरं टोक कुठे जातं’ असा विचारावा.

त्याही आधी वास. नळीच्या तोंडाला ताजा पेट्रोलचा वास असेल, ओल असेल, तर इंजिन चालू करायचंच नाही. बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं आणि मग पुढचं. गोडसर वास आणि हिरवट-लालसर डाग म्हणजे कूलंट. काळा तेलकट चिकटा म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ परत नेणारी पीसीव्हीची नळी. या नळीला यातलं काहीच नव्हतं. कोरडी, धुळकट, आतला व्यास साधारण ४ मिलिमीटर, भिंत पातळ. रेडिएटरच्या नळ्या मनगटाकडे झुकणाऱ्या, हीटरच्या अंगठ्याएवढ्या, पेट्रोलच्या ६ ते ८ मिलिमीटरच्या आसपास, ब्रेकवरच्या पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची जाड भिंतीची. एवढी बारीक आणि कोरडी म्हणजे व्हॅक्यूमचा (इंजिन हवा खेचतं त्या ओढीचा) निरोप नेणारी नळी, हे जवळपास नक्की.

पोऱ्याला सांगितलं, “ओढू नको, नुसता हात फिरवत मागे जा.” ओढायचं नाही अशासाठी, की पंचवीस वर्षांचं रबर दुसऱ्या टोकालाही तुटायच्याच बेतात असतं. हात फिरत फिरत डेल्कोवर गेला.

“दादा, डेल्कोच्या डबीत जातीय की ही.”

म्हणजे ही व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी. डेल्कोच्या अंगाला चपट्या डबीसारखा डायफ्राम असतो. अर्ध्या-पाव अ‍ॅक्सिलरेटरवर सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ भरतं आणि सावकाश जळतं. त्याला ठिणगी जरा लवकर मिळायला हवी. कार्बुरेटरकडचा व्हॅक्यूम या डायफ्रामला ओढतो, डायफ्राम आतली प्लेट फिरवतो, ठिणगी आधी पडते. नळी सुटली की गाडी चालते, पण रोजच्या चालीत आळशी होते, पेट्रोल जास्त पिते. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला तर फारसा फरक कळत नाही, कारण तेव्हा व्हॅक्यूमच नसतो. काकांच्या कागदावरचा पिकअप आणि अ‍ॅव्हरेज इथे जुळले.

तोंडातल्या स्क्रूनं काय साधलं होतं? काहीच नाही. ही नळी डायफ्रामच्या बाजूची. तिच्यातून इंजिन हवा ओढत नव्हतंच. बंद करायचं असतं तर कार्बुरेटरवरचं रिकामं निपल, म्हणजे ही नळी जिच्यावर चढते ती बारीक तोटी. उघडी नळी दिसते, रिकामं निपल दिसत नाही, म्हणून लोक नळीची तोंडं बांधत बसतात.

निपल शोधायला टॉर्च आणि छोटा आरसा लागला. एअर क्लीनरचं डबडं उतरवल्यावर कार्बुरेटरच्या अंगाला एकमेकांशेजारी दोन बारीक निपलं दिसली. एकावर रबरी टोपी घट्ट बसलेली, तिच्यावर इतरत्र आहे तशीच धूळ. दुसरं उघडं आणि त्याच्या मुळाशी स्वच्छ, उजळ कडं : नळीच्या तोंडानं वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली जागा. नळीच्या तोंडाशीही आतून तेवढाच दबलेला पट्टा होता. दोन्ही मापं जुळली.

इथे एक सापळा आहे. बसतं म्हणून कोणत्याही निपलावर नळी चढवू नये. कार्बुरेटरच्या अंगावरचं एक निपल थ्रॉटलच्या पाकळीच्या (पेडल दाबलं की उघडणाऱ्या झडपेच्या) वर उघडतं. स्लोला तिथे ओढ नसते, अ‍ॅक्सिलरेटर दिला की येते. दुसरं पाकळीच्या खाली, मॅनिफोल्डच्या (मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या वाटेच्या) बाजूला. तिथे स्लोलाच सगळ्यात जास्त ओढ. ज्या गाडीची रचना पहिल्या प्रकारची आहे तिथे चुकून दुसऱ्यावर नळी लावली, तर स्लोलाच ठिणगी खूप पुढे जाते, रेस आपोआप वाढते आणि सगळ्यांना वाटतं की नळी बरोबर बसली. काही गाड्यांत बॉनेटच्या आतल्या बाजूला नळ्यांचा नकाशा चिकटवलेला असतो; इथे नव्हता. म्हणून बोट. इंजिन चालू, रिकाम्या निपलावर बोट : ओढ नाही. रेस वाढवली : बोटाचं कातडं आत खेचलं गेलं. म्हणजे हेच ते.

लावण्याआधी डायफ्राम जिवंत आहे का ते पाहायला हवं. हातपंप सगळ्यांकडे नसतो. मेडिकलच्या दुकानातली ५० मिलिलिटरची सिरिंज चालते. स्क्रू काढून नळीला सिरिंज जोडली आणि दांडा मागे ओढला. डेल्कोचं झाकण उघडं होतं. आतली प्लेट फिरताना दिसली आणि दांडा धरून ठेवल्यावर तिथेच थांबली. डायफ्राम शाबूत. पूर्वी हेच काम तोंडानं ओढून करायचे. नळीत काय असेल ते सांगता येत नाही, त्यामुळे सिरिंज बरी.

आणि याच बोटाच्या चाचणीत प्रकरणाला वळण मिळालं. स्लोला त्या निपलावर ओढ नव्हती. बोट ठेवलं काय, काढलं काय, इंजिनची थरथर तीच. म्हणजे लोंबकळणारी नळी खरोखर सुटलेली होती, तिच्यामुळे पिकअप गेला होता, पण गाडी बंद पडण्याशी तिचा संबंध नव्हता. हवा दुसरीकडून येत होती.

चहा पिताना सांगितलेली गोष्ट

मॅनिफोल्डच्या बाजूच्या, टोपी घातलेल्या निपलाला व्हॅक्यूम गेज लावला. समुद्रसपाटीला धडधाकट पेट्रोल इंजिन स्लोला साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतं. उंचीचा हिशेब दर हजार फुटांना सुमारे एक इंच वजा. म्हणजे साताऱ्यात १५ ते १८-१९ ला समाधान मानावं. इथे काटा १० ते १२ मध्ये हळूहळू झुलत होता. रेस वाढवून ठेवली की सावरत होता.

स्लोलाच त्रास आणि रस्त्यावर नाही, याचं कारण साध्या हिशेबात आहे. एक लिटरचं इंजिन ८५० फेऱ्यांवर, थ्रॉटल जवळपास बंद असताना, मिनिटाला दीडशे लिटरच्या आसपास हवा घेतं. मॅनिफोल्डमध्ये तेव्हा इतकी ओढ असते की २ मिलिमीटरच्या भोकातूनही मिनिटाला २५ लिटर हवा आत येऊ शकते. सहावा हिस्सा हवा फुकटची, पेट्रोलशिवाय. तेच इंजिन ३००० फेऱ्यांवर मध्यम अ‍ॅक्सिलरेटरला सातशेच्या घरात हवा घेतं; त्यात पंचवीस लिटर कुठेच्या कुठे विरतात. सकाळी थंड असताना चोकमुळे मिश्रण मुद्दाम दाट केलेलं असतं, ते फुकटची हवा पचवून घेतं. चोक सुटला की उघडं पडतं. ‘थंड असताना ठीक, गरम झाल्यावर बंद’ या वाक्यावर अनेक गाड्यांचे कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारे) बदलले जातात, आणि कॉइल गरम झाल्यावर मार खातोही. पण कॉइल जाताना चढावर, भार आल्यावर जास्त त्रास देतो. ही गाडी भार आला की सुधारत होती.

मग काका चहा पिताना म्हणाले, “ब्रेकही हल्ली जड लागतो. यवतेश्वरच्या घाटातून उतरताना पाय दुखतो. पण ते वेगळं, त्याचे पॅड मी बदलून घेतलेत.”

ते वेगळं नव्हतं. ते कागदावर पहिल्या क्रमांकाला असायला हवं होतं.

ब्रेकचा बूस्टर इंजिनच्याच व्हॅक्यूमवर चालतो. मॅनिफोल्डपासून एक जाड भिंतीची नळी फायरवॉलवरच्या मोठ्या गोल डब्याकडे जाते, आणि वाटेत एकाच दिशेला उघडणारा व्हॉल्व असतो, जेणेकरून इंजिन बंद पडलं तरी एक-दोनदा ब्रेक मारण्यापुरता व्हॅक्यूम शिल्लक राहावा. चाचणीला हत्यार लागत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल घट्ट होईपर्यंत पंप करायचं, दाबून धरायचं आणि चावी मारायची. पेडल पायाखाली लगेच थोडं खाली जायला हवं. इथे ते गेलं, पण रेंगाळत. मग इंजिन बंद करून, थोडं थांबून पुन्हा दाबलं : पहिला दाब मऊ, म्हणजे साठा टिकला, व्हॉल्व आणि बूस्टर ठीक. बूस्टरला व्हॅक्यूम मिळत होता, पण कमी आणि उशिरा. संशय नळीच्या मॅनिफोल्डकडच्या भागावर आला.

चिमट्याचा फसवा निकाल

एखादी नळी हवा घेते का, हे पाहायची सगळ्यांना माहीत असलेली रीत म्हणजे ती चिमटणं. पक्कडीच्या जबड्यांना फडकं गुंडाळून नळी मधोमध दाबायची. इंजिनची चाल सुधारली तर गळती त्या नळीत किंवा तिच्या पुढे. काकांच्या बोलण्यावरून आधीच्या एका ठिकाणी बूस्टरची नळी अशी चिमटून पाहिली होती आणि फरक पडला नाही म्हणून ती निर्दोष ठरली होती. आम्हीही चिमटली. फरक पडला नाही.

पण चिमट्यानं फक्त त्याच्या पलीकडचा, बूस्टरकडचा भाग तोडला जातो. चिमटा आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला वीतभर तुकडा इंजिनला जोडलेलाच राहतो. भोक तिथे असेल तर चिमटा खोटी साक्ष देतो, आणि नळ्या बहुतेक वेळा टोकालाच फाटतात, कारण ताण तिथे, क्लिप तिथे, उष्णता तिथे.

पुढची चाचणी फवाऱ्याची. अनेक जण इथे कार्बुरेटर क्लीनर फवारतात. वाफ आत ओढली गेली की रेस वाढते आणि जागा सापडते. ती चाचणी नेमकी असते, पण तापलेल्या एक्झॉस्टवर ज्वालाग्राही फवारा मारणं मला पटत नाही. अगरबत्तीचा धूर कुठे खेचला जातो ते पाहण्याचाही एक प्रकार आहे. कार्बुरेटरशेजारी निखारा नको, एवढंच म्हणतो. इस्त्रीच्या पाण्याची फवारणीची बाटली पुरते. डेल्को आणि प्लगच्या वायरी प्लास्टिकनं झाकल्या आणि एकेका जोडावर बारीक तुषार मारत गेलो. कार्बुरेटरचा बूड, काही नाही. मॅनिफोल्डचं गॅस्केट, काही नाही. पीसीव्हीची नळी, काही नाही. बूस्टरच्या नळीच्या मॅनिफोल्डकडच्या टोकावर वरून मारला, काही नाही. बाटली खाली नेऊन त्याच टोकाला खालून मारला आणि क्षणभर थरथर थांबली. पाण्यानं भेग भरली, तेवढ्यापुरती हवा अडली, गेजचा काटा वर उडाला आणि परत खाली आला.

आरसा खाली धरला. वरून ही नळी निपलावर नीट चढलेली, क्लिप जागेवर. खालच्या बाजूला मात्र तोंडापासून क्लिपच्या पट्टीखालून आत शिरलेली सरळ चीर. क्लिपचे कान एका बाजूला पिळवटलेले, पकड सैल. बोटानं नळी हलवली तर ती निपलावर फिरत होती. इंजिन स्लोला डुलतं तशी चीर उघडमीट करत होती. काट्याच्या झोक्याचं कारणही तेच.

दोन्ही घटनांचा उगम आता एकच दिसतो. कार्बुरेटर उतरवताना जागा मिळावी म्हणून ही नळी निपलावरून उपटली गेली असणार. असं वाळलेलं, कडक रबर सरळ ओढलं तर फाटतं. आधी हळूच फिरवून सुटं करावं लागतं, नाहीच सुटलं तर कापावं आणि नवी घालावी. परत बसवताना चिरलेली बाजू खाली गेली आणि वरून सगळं छान दिसलं. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी तर लावायचीच राहिली. एक नळी सुटली होती आणि एक सैल होती. सुटलेल्या नळीकडे सगळे बघत होते. सैल होती ती रोज गाडी बंद पाडत होती आणि घाटात ब्रेक जड करत होती.

उलटं फिरवलेलं सगळं सरळ करणं

खात्री करण्यासाठी नळीचं फाटलेलं टोक धारदार ब्लेडनं कापून, उरलेली नळी नव्या क्लिपनं तात्पुरती बसवली. काटा १६ च्या वर जाऊन स्थिर झाला. आणि इंजिन किंचाळायला लागलं.

हे अपेक्षितच होतं. गळतीवर उतारा म्हणून वाढवलेली रेस आता नुसती जास्त झाली होती. प्रत्येक ‘तात्पुरत्या’ सेटिंगची ही गत होते : मूळ दोष गेला की उतारा स्वतःच दोष होऊन बसतो. इथे असे दोन उतारे होते आणि दोन्ही काढायला हवे होते. आधी टायमिंग. डेल्को पुढे फिरवलेला होता, कारण नळी नसल्यानं गाडीला तो थोडा रुचला होता. आता नळी लावली तर दोन्ही मिळून ठिणगी फार आधी पडली असती आणि चढावर नॉकिंग (इंजिनची ठकठक) सुरू झालं असतं. रेस अंदाजे खाली घेऊन, व्हॅक्यूमची नळी डेल्कोकडून काढून, तिचं टोक बंद ठेवून, टायमिंग लाइटनं खुणेवर आणलं आणि मगच नळी कायमची बसवली. मग रेस नीट लावून ८५० च्या आसपास. शेवटी मिश्रणाचा स्क्रू, गेजकडे पाहत : काटा सगळ्यात वर आणि सगळ्यात शांत राहील तिथे. हा क्रम उलटा केला तर दिवसभर एकाला दुरुस्त करताना दुसरं बिघडत राहतं.

बूस्टरची कापलेली नळी तशीच ठेवली नाही. एक टोक वाळलं म्हणजे दुसरंही वाळलेलं, आणि हा ब्रेकचा मामला. नवी घेताना दुकानदार हीटरची किंवा ‘अशीच एक’ काढून देतो, ती घेऊ नये. ब्रेकच्या व्हॅक्यूमची नळी आतल्या ओढीनं चपटी होऊ नये म्हणून जाड भिंतीची आणि दोऱ्याच्या विणीची असते. व्हॉल्ववरचा बाण इंजिनकडे येईल असाच बसवायचा. उलटा बसला तर बूस्टरला काहीच मिळत नाही आणि पेडल दगड होतं. बारीक नळीही नवी टाकली, मीटरवर मिळणारी व्हॅक्यूमची. तीच नळी पेट्रोलला मात्र चालत नाही. सिलिकॉनच्या निळ्या-लाल नळ्या दिसायला सुंदर आणि उष्णतेला पक्क्या असल्या, तरी पेट्रोलसमोर त्या टिकत नाहीत. कूलंटच्या ईपीडीएम रबराचंही तेच, पेट्रोल लागलं की फुगतं. चढते आहे म्हणून चढवली, असं पेट्रोलच्या नळीत कधीच करू नये.

गाडी यवतेश्वरच्या घाटानं कासच्या बाजूला चढवून परत आणली. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबल्यावर बारीक नॉकिंगचा आवाज आला, म्हणून खाली आल्यावर टायमिंग केसभर मागे घेतलं. उतारावर पेडल हलकं. पोवई नाक्याच्या सिग्नलला काकांनी सवयीनं अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवलेला होता. काढा म्हटल्यावर भीतभीत काढला. इंजिन चालू राहिलं. नंतरच्या पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड १.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ३०० च्या खाली आलं. पहिला आकडा वाढलेला पाहून काका जरा नाराज झाले होते. पेट्रोल आता पुरेसं मिळतं आहे, त्याचाच तो आकडा, हे समजावून सांगावं लागलं.

एक काम राहिलं आहे. पेट्रोलपंपापासून कार्बुरेटरपर्यंतच्या आणि रिटर्नच्या नळ्या गळत नाहीत, पण बोटानं दाबल्या की बारीक भेगा दिसतात. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला त्या काळचं रबर फार दिवस तोंड देईल असं वाटत नाही. त्या जागी इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या आणि नव्या क्लिपा टाकायच्या आहेत. काकांनी महिनाभरानं बघू म्हटलं होतं. मी त्यांना तोपर्यंत रोज सकाळी चावी मारण्याआधी बॉनेट उघडून वास घ्यायला सांगितला आहे, आणि वास आला तर गाडी न हलवता फोन करायला.